धुतलेली खोली

चौथी कात टाकून रेशमाच्या अळ्यांना पाच दिवस झाले होते. अजून दोन-तीन दिवस पोटभर पाला मिळाला की त्या कोष करायला लागणार. हे दिवस म्हणजे घरात लग्न आणि बाळंतपण एकदमच. सहाला पाला, अकराला पाला, चारला पाला, निजण्याआधी पुन्हा पाला. मधल्या वेळात माणसांनी आपलं जेवण कुठेतरी उभ्याउभ्या उरकायचं. ऊन असं होतं की सकाळी सातलाच पत्रा तडतडायला लागे. सुनेचा नवरा शिडीवर चढून छपरावरच्या गवताच्या पेंढ्यांवर पाणी मारत होता. सून आत रॅकपाशी उभी होती.

चार रॅक, एकेकाला पाच मजले. तीन रॅकांवरच्या अळ्या बोटाएवढ्या जाड, पांढऱ्याशुभ्र, मान खाली घालून खात होत्या. चौथ्या, भिंतीकडच्या रॅकवर त्या मान वर करून बसल्या होत्या. पानाला तोंड लावत नव्हत्या. काहींच्या तोंडातून हिरवं पाणी आलं होतं आणि अंग आखडून निम्मं झालं होतं.

"कालच्यापेक्षा वाढल्या," ती म्हणाली.

"काय वाढल्या?" नवऱ्याने वरून विचारलं.

"मरायच्या वाढल्या."

भिंतीपलीकडे दुसरी खोली. तुतीच्या मळ्याच्या कडेला एकच लांब पत्र्याचं घर, मधे विटांची भिंत, आणि भिंत पत्र्यापर्यंत न पोचल्यामुळे वर हातभर फट. पलीकडची खोली सासऱ्याने चार महिन्यांपूर्वी तीन माणसांना भाड्याने दिली होती. फिनेल बनवतो म्हणाले. त्यातला पुढारी घरातसुद्धा गॉगल काढत नसे, म्हणून घरात त्याचं नावच गॉगलवाला पडलं. 'काका, तुमच्यासारखा माणूस नाही' असं म्हणून म्हणून त्याने म्हाताऱ्याला असा गुंडाळला की ना कागद झाला, ना पोलीस चौकीत कळवणं झालं.

देवाने अळीला डोळे बेताचेच दिले, पण वासाची जाण मात्र माणसाच्या कितीतरी पट. अत्तर लावलेलं माणूस आत आलं तरी तिची भूक जाते. मग पलीकडून तो उग्र, घशात टोचणारा वास यायला लागला तेव्हा सून गॉगलवाल्याशी भांडली होती.

"तुमच्या फिनेलने माझ्या अळ्या तोंड फिरवतात."

"वहिनी, अळ्यांना सांगा, नाक धरून खा," तो म्हणाला होता, आणि बाकीचे दोघे हसले होते.

परवा पहाटे ते तिघं टेंपो भरून निघून गेले. निरोप नाही, किल्ली दाराच्या कडीत लटकलेली. सून आत गेली तर जमिनीवर तपकिरी चिकटा, फुटक्या काचनळ्या, रबरी हातमोजे, गाळणीची कापडं. वास असा की डोळ्यांतून पाणी. तिने विचार केला नाही. अळ्यांच्या घरी रोगराईचा संशय आला की काय करायचं, ते तिचे हात झोपेतसुद्धा करतील. सगळा कचरा खरडून पाटीत भरला, मळ्याच्या टोकाच्या खड्ड्यात टाकला, वर फावड्याने चुना पसरला आणि माती ओढली. मेलेल्या अळ्यांनाही तोच खड्डा. मग खोली ब्लीचिंग पावडरने तीनदा धुतली, संध्याकाळी भिंतींना चुन्याचा हात दिला. तळहातांना फोड आले. रात्री झोपताना तिला वाटलं, आता बरं.

साडेनऊला दोन जीप आल्या.

अमली पदार्थांविरुद्धचं सरकारी पथक होतं. सात माणसं, आणि त्यांच्या पुढे साध्या साडीतली, केस घट्ट बांधलेली एक बाई. तिच्या पाठीमागे कागदांचा गठ्ठा धरून एक जाडजूड हवालदार. त्याला सगळे रायटर म्हणत होते. गावातून येताना त्यांनी पंच म्हणून शिंप्याला आणि गिरणीवाल्याला उचलून आणलं होतं. गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ होतं. शिंप्याच्या गळ्यात माप लोंबत होतं.

साहेबबाईंनी कुलूप उघडायला लावलं. दार उघडलं आणि त्या उंबऱ्यावरच थांबल्या. चार पांढऱ्या भिंती. आरशासारखी फरशी.

"हे कोणी धुतलं?"

"मी," सून लगेच म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "तीनदा. कोपरे ब्रशने घासले."

रायटरने पेन उघडलं होतं, ते तसंच धरून ठेवलं. एक शिपाई दुसऱ्याकडे बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"अळ्यांच्या."

शिंपी खो खो हसला आणि साहेबबाईंनी बघताच खोकायला लागला.

"बाई, मस्करी नको," त्या म्हणाल्या. "परवा संध्याकाळी नाक्यावर आम्ही एक टेंपो धरला. तीन माणसं, चार पुड्या पांढरी भुकटी. टेंपोतली भांडी कोरी धुतलेली. ते म्हणतात, रस्त्यात कोणीतरी पुड्या दिल्या, आम्ही नुसते पोचवणारे. माल इथे बनत होता, अशी आमची खबर आहे. त्याचा काही माग मिळाला तर ते आत राहतील आणि त्यांच्यामागचा माणूसही सापडेल. नाही मिळाला तर महिन्याभरात सुटतील आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या काकांची खोली घेतील." त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला चुना लागला. "आणि तुम्ही सगळं धुऊन टाकलंत. याला पुरावा नष्ट करणं म्हणतात. त्याला शिक्षा आहे."

सुनेच्या तोंडचा रंग उतरला. हात आपोआप पदराआड गेले.

"इथला कचरा कुठे टाकला?"

ती तोंड उघडणार तेवढ्यात सासरा पुढे आला. "कचरा कसला, मॅडम. धूळ होती. झाडली, वाऱ्यावर गेली. फिनेलवाले होते ते, चांगली माणसं."

"तुम्ही बघितलं झाडताना?"

"माझ्या डोळ्यांसमोर झाडलं हिने."

म्हातारा तेव्हा घरात निजला होता. सुनेने त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"धुणारी तुम्ही, तेव्हा नाव आधी तुमचं येतं," साहेबबाई तिला म्हणाल्या. "आठवून बघा. मी इथेच आहे."

अकरा वाजत आले होते. अळ्या कोणाच्याही चौकशीसाठी थांबत नाहीत. तिने पाला घालायची परवानगी मागितली. साहेबबाईंनी बरोबर एक शिपाई दिला. तो दारातून आत पाय टाकणार, तर ती आडवी झाली.

"तंबाखू?"

"काय?"

"तंबाखू खाल्ली ना तुम्ही? हात धुवा. तोंड धुवा. बूट काढा. आणि केसांना तेल लावलंय ते वासाचं आहे, वरून हा फडका बांधा."

बंदूकवाला माणूस डोक्याला फडका बांधून, अनवाणी, हात पुढे धरून उभा राहिला. लग्नात रुसलेल्या विहिणीसारखा दिसत होता. पाच मिनिटांनी तो हळूच म्हणाला, "वहिनी, ह्या चावत नाहीत ना?"

"पानाला चावतात."

शिपाई तिथेच उभा राहिला आणि ती पाला कापायला मळ्यात गेली. नवरा विळ्याने फांद्या छाटत होता, सासरा मोळ्या बांधत होता.

"तू गप्प राहायचं," सासरा म्हणाला. "विचारतील, विचारतील आणि जातील. हातात काहीच नाही त्यांच्या."

"नाव माझं घेतलं त्यांनी."

"नाव घेतल्याने कोणी मरत नाही. तो खड्डा दाखवलास की काय होईल, ते मी सांगतो. खोलीला सील. आणि खोली म्हणजे काय? एकच पत्रा, एकच पाया, वर फट. अख्ख्या घराला कुलूप लागेल. अळ्या आत. परवा कोष करायच्या त्या आत पालापाला करून मरतील. आपलं वर्ष गेलं. वर मला विचारतील, काका, कागद कुठे, चौकीत का नाही कळवलं?" त्याने मोळीचा दोर करकचून ओढला. "या वयात मला जीपमध्ये बसवशील?"

नवरा विळा थांबवून म्हणाला, "बाबा, पण ती तुरुंगात गेली तर?"

"बाईमाणसाला सोडतात."

"कोणी सांगितलं?"

"सोडतात रे."

सुनेने मोळी डोक्यावर घेतली. तळहातावरचा फोड फुटला आणि पाणी मनगटापर्यंत आलं. ती अळ्यांच्या घरात गेली. तीन रॅकांवर फांद्या पसरल्या. चौथ्यावर पसरल्या, तर अळ्या पानावरून घरंगळून खाली पडल्या, जणू पान तापलेलं होतं. तिने त्या वेचल्या. ओंजळभर झाल्या. कालपर्यंत तिला वाटत होतं, हा रोग आहे, धुतला की जाईल. रोग असता तर चारही रॅकांवर सारखा पसरला असता. हा फक्त भिंतीच्या फटीखाली होता.

ती बाहेर आली. सासू ओट्यावर बसून धान्य निवडत होती. ती अळ्यांच्या घरात कधीच पाऊल टाकायची नाही. तिला त्या वळवळीची शिसारी. सुनेने तिच्यापुढे ओंजळ धरली.

"आई, या बघा."

सासूने तोंड वळवलं, मग वळवलेलं तोंड पुन्हा इकडे केलं. "हे त्या मेल्यांनी केलं?"

"मी दाखवते खड्डा. बाबा चिडतील."

"चिडू देत. त्यांचं चिडणं मी चाळीस वर्षं शिजवून खातेय."

"अळ्या जातील सगळ्या."

सासूने सुपातला खडा बाजूला टाकला. "खोटं बोलून पाला घातलास तर अळी खाईल. ती काही विचारत नाही बिचारी. पण तुला घालवेल का?"

सून जीपकडे गेली. साहेबबाई जीपच्या सावलीत पाणी पीत होत्या.

"मॅडम, कचरा वाऱ्यावर नाही गेला. मी पुरला. चुन्यात आहे. काचा, मोजे, कापडं, तो चिकटा, सगळं. मला वाटलं घाण आहे, म्हणून पुरला. दाखवते." आणि श्वास न घेता पुढे म्हणाली, "पण आधी सांगा, सील कधी लावणार?"

साहेबबाईंनी बाटलीचं झाकण लावलं. म्हाताऱ्याकडे एक नजर टाकली. तो मोळीवर बसला होता, मान खाली.

"सील लावावंच लागेल. दोन्ही खोल्यांना. हवा एकच आहे."

"ते कळलं. कधी?"

"पंचनामा पुरा झाला की."

"आणि पंचनामा कधी पुरा होतो?"

साहेबबाई रायटरकडे वळल्या. रायटरने पेन कानावरून काढलं, निब बघितली, आभाळाकडे बघितलं. "मॅडम, खड्डा खणायचा, एकेक वस्तू वेगळी काढायची, वर्णन लिहायचं, पंचांच्या सह्या. आणि माझं अक्षर मोत्यासारखं आहे. त्याला वेळ लागतो."

"किती?"

"चार तास. घाई केली तर चूक होईल, आणि चूक झाली तर वकील आपल्याला सोलतील."

"घाई नको," साहेबबाई म्हणाल्या.

मग त्या दुपारी मळ्याच्या एका टोकाला खड्डा उकरत होते आणि दुसऱ्या टोकाला अळ्यांचं बिऱ्हाड उचलत होते. नुकत्या पसरलेल्या फांद्यांवर अळ्या चढलेल्याच होत्या. फांदी दोन्ही टोकांना धरून अलगद उचलायची, तिच्यावर चाळीस-पन्नास अळ्या लोंबत यायच्या. फांदीला हिसका बसता कामा नये. नवऱ्याने राहत्या घरातली दारं बिजागऱ्यांतून काढून विटांवर आडवी मांडली. खाटा आल्या, पलंग आला, सासूने लग्नातल्या चादरी काढून पसरल्या. स्वयंपाकघरातला स्टोव्ह बाहेर अंगणात गेला, कारण धूर नको.

पहिली फेरी सून आणि नवऱ्याची. दुसऱ्या फेरीला फडका बांधलेल्या शिपायाने विचारलं, "मॅडम, आम्ही रिकामेच आहोत." साहेबबाई म्हणाल्या, "हात धुवा." मग पाच शिपाई रांगेत, डोक्याला फडके, श्वास रोखून, हातात अळ्यांच्या फांद्या. एकाच्या बाहीत अळी शिरली. तो हलला नाही. फक्त "ताई... ताई..." करत राहिला, आणि सुनेने येऊन ती काढली तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता.

खड्ड्याकडे शिंप्याचा आवाज येत होता. "रायटरसाहेब, काचनळी लिहा नुसती. माप घेऊ का? नऊ इंच भरते."

"घ्या. पंच मोजतो म्हटल्यावर वजन येतं कागदाला."

चुन्याखाली सगळं कोरडं राहिलं होतं, ही देवाचीच कृपा म्हणायची. कापडांवरचा चिकटा वाळून कडक झाला होता, मोज्यांवर आतून बोटांचे ठसे मिळतील असं पथकातला तपासणीवाला म्हणाला. साहेबबाईंनी पहिल्यांदाच भुवया वर केल्या.

"बाई, तुम्ही धुतलंत, ते वाईट केलं. पुरलंत, ते बरं केलं." मग त्यांनी सुनेचे हात मागून घेतले, उलटसुलट केले. "याचाही फोटो घ्या रे. आणि हे हात आधी डॉक्टरला दाखवा."

चौथ्या रॅकवरच्या मेलेल्या अळ्या त्यांनी बाटलीत घातल्या. "वासाने मेल्या, हे प्रयोगशाळा सांगेल. मुद्देमाल."

"किती लिहू?" रायटरने विचारलं.

गिरणीवाल्याने मोजल्या. "बारा."

"अकरा," शिंपी म्हणाला. "एक जिवंत आहे."

ती जिवंत अळी सुनेने उचलून घेतली.

दुपारी चारला पाला पडला तो घरातल्या दारांवर आणि खाटांवर. सव्वापाचला लाखेचं सील लागलं. जीपमध्ये सासऱ्याला बसायला सांगितलं. जबाब घेऊन रात्री सोडू, म्हणाले. तो चपला घालत होता. घालता घालता सुनेला म्हणाला, "बस झालं ना समाधान?" आणि तिचं उत्तर न ऐकताच चढला. शिपायाने त्याला हात द्यायला हात पुढे केला होता, तो त्याने घेतला नाही.

रात्री त्याला आणून सोडलं. तो जेवला नाही. घरात जागा नव्हती, म्हणून सगळे अंगणात निजले, आणि त्याने आपलं अंथरूण वेगळं, गोठ्याकडे टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अळ्या पिवळसर, पारदर्शक व्हायला लागल्या आणि खाणं सोडून डोकं फिरवायला लागल्या. आणि तेव्हा नवऱ्याने कपाळावर हात मारला. कोष करायच्या जाळ्या सगळ्या आड्याला टांगलेल्या, सीलच्या आत. त्या घाईत सगळं आठवलं, जाळ्या कोणाला आठवल्या नाहीत. पथकाला फोन केला तर उत्तर आलं, सील आता कोर्टाच्या हुकमाशिवाय निघणार नाही.

अळी वाट बघत नाही. जाळी मिळाली नाही की ती जागा शोधते. एक खिडकीच्या गजाला लागली, दोन देवाच्या फोटोमागे. मग घरभर एकच धावपळ. सासूने दोन नवे झाडू सोडून त्यांच्या काड्यांच्या जुड्या मांडल्या. नवऱ्याने वाळलेल्या तुतीच्या फांद्या आणल्या. सून पिकलेल्या अळ्या वेचून एकेक तिथे ठेवत होती. पट्टी बांधलेल्या हाताला वेग येत नव्हता. सासू तिच्या शेजारी येऊन बसली. डोळे मिटून एक अळी दोन बोटांत धरली, काडीवर ठेवली, डोळे उघडले. "थंड आहे गं," ती म्हणाली. मग दुसरी घेतली.

गोठ्यापाशी सासरा बसला होता. बऱ्याच वेळाने उठला. गवताची एक पेंढी घेऊन ती दुमडून दुमडून नागमोडी वळवायला लागला, तळाला सुतळीने बांधली. पेंढ्या करत गेला आणि दारात ठेवत गेला. दुपारपर्यंत तीस झाल्या असतील. अळ्या झाडूपेक्षा त्यांच्यावर लवकर चढल्या.

तेव्हाच जीप आली. साहेबबाई आणि रायटर, बाकी कोणी नाही. बसायला जागा नव्हती. खुर्चीच्या पाठीवरसुद्धा एक कोष चालू होता. रायटर उभ्यानेच वाचायला लागला. सुनेचा जबाब होता तो. कोर्टात पाठवायचा.

"'...सदर खोली मी रोगराईच्या समजुतीने धुतली. सुरुवातीला विचारणा झाली असता घरमालक, म्हणजे माझे सासरे, यांनी कचरा वाऱ्यावर गेला असे सांगितले. त्यानंतर मी स्वतःहून खड्डा दाखवला...'" तो थांबला.

"ते तिघं आत आहेत," साहेबबाई म्हणाल्या. "मोज्यांवर ठसे मिळाले. त्यांच्यामागच्या माणसाचं नावही कळलंय. जबाब तुमचा आहे, बाई, म्हणून विचारते. त्या एका वाक्यात काही चूक आहे का? कोर्टात तुम्हाला प्रत्येक ओळीवर विचारतील."

सुनेच्या बोटांत एक अळी होती. ती काडीवर ठेवायची राहिली. वाक्यात चूक काहीच नव्हती, हे तिला माहीत होतं. तिने दाराकडे बघितलं. म्हातारा पेंढी बांधत होता, सुतळीचं टोक दातात. नवरा बापाकडे बघत होता.

"ती काय बोलणार," सासरा सुतळी तोंडातून काढत म्हणाला. "मला विचारा. मी खोटं बोललो. ती बोलली नाही. ठेवा तसंच."

रायटरने वर बघितलं. "काका, कोर्टात तुम्हालाही बोलावतील."

"बोलवा. चालत येईन. जीप पाठवू नका." त्याने पेंढी उचलली, आत आला, आणि सुनेच्या समोर धरली. "ती हातातली आधी ठेव. केव्हाची ताटकळलीय."